पाच घ्या, सहा द्या : फिलिपिनो कुटुंब आणि त्याची शिल्लक

मनिला शहरातील एखाद्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला 'बुंबाय' म्हणजे कोण असे विचारले, तर ती मोटारसायकलवरून येणाऱ्या, गाळ्यागाळ्यापाशी थांबून रोजचा हप्ता गोळा करणाऱ्या सावकाराकडे बोट दाखवील. हा शब्द आपल्या मुंबईच्या नावावरून तेथे गेला. हिंदुस्थानातून आलेला मनुष्य कोणत्याही प्रांताचा असो, फिलिपीन्समध्ये तो 'बुंबाय' ठरतो. आणि मौज अशी की, या धंद्यातील बहुतेक मंडळी पंजाबकडील आहेत. मोठ्या कांद्यालाही तेथे 'बोंबाय' हेच विशेषण लावतात. आपल्या एका शहराचे नाव समुद्रापलीकडे कांद्याला आणि कर्जाला मिळावे, आणि दोहोंनीही डोळ्यांत पाणी आणावे, हा योगायोगच म्हणावयाचा.

या सावकारीचे नाव आहे 'फाइव्ह-सिक्स'. पाच घ्यावयाचे आणि सहा द्यावयाचे. हिशेब ऐकावयास अगदी साधा. व्याज शेकडा वीस. परंतु तो जरा उलगडून पाहिला म्हणजे त्याचे खरे रूप ध्यानात येते. समजा, एका बाईने ५,००० पेसो उचलले आणि रोज १०० पेसोंप्रमाणे ६० दिवसांत ६,००० फेडले. पहिल्या दिवसापासूनच मुद्दल उतरू लागल्यामुळे तिच्या हाती सरासरी अडीच हजारच राहिले, आणि त्यावर तिने दोन महिन्यांत हजार पेसो व्याज भरले. म्हणजे दोन महिन्यांना शेकडा चाळीस, वर्षाला दोनशे चाळीस!

हे ऐकल्यावर शहाणीसुरती माणसे म्हणतात, या लोकांना पैशाचे शिक्षण दिले पाहिजे. फिलिपीन्समध्ये या म्हणण्याला आता कायद्याचेही पाठबळ आहे. २०१६ साली तेथे झालेल्या एका कायद्याने नोव्हेंबरचा दुसरा आठवडा 'आर्थिक व वित्तीय साक्षरता सप्ताह' म्हणून नेमून दिला आहे. सप्ताहाला माझा विरोध नाही. कुटुंबाने अंदाजपत्रक करावे, अडीअडचणीसाठी बाजूला काही टाकावे, म्हातारपणाची तरतूद तरुणपणी करावी, या गोष्टी शिकविण्यासारख्याच आहेत. परंतु फिलिपिनो कुटुंबाच्या पैशाचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट मनाला टोचू लागते. या कुटुंबाला शिल्लक टाकणे कधी येत नव्हते असे नाही. टाकलेली शिल्लक सुरक्षित राहील असे ठिकाण त्याला फार क्वचित मिळाले; आणि जे मिळाले, त्याने दिलेले वचन तपासून पाहण्याचे साधन तर त्याहूनही क्वचित.

प्रथम घरातली व्यवस्था पाहू. फिलिपिनो घरात पैशाची किल्ली बाईच्या हाती असते. नवऱ्याने मजुरी आणून बायकोच्या हातावर ठेवावयाची आणि आपल्या विडी-काडीपुरते तिच्याकडूनच मागून घ्यावयाचे, ही तेथील जुनी रीत. घरात बांबूच्या नळकांडीला चीर पाडून तिच्यात नाणी टाकीत जावयाचे. या गल्ल्याला 'आल्कान्सिया' असे स्पॅनिश वळणाचे नाव आहे. आणि शेजारणींची मिळून एक भिशी असते. तिला तेथे 'पालुवागान' म्हणतात. आपल्याकडच्या भिशीप्रमाणेच दहा-बारा जणींनी दर आठवड्याला ठरीव रक्कम घालावयाची आणि पाळीपाळीने एकेकीने सारी उचलावयाची. 'लुवाग' म्हणजे सैलपणा. ज्या आठवड्यात आपली पाळी येते त्या आठवड्यात गळ्याभोवतीचा फास जरा सैल होतो; यापेक्षा नेमके नाव बँकवाल्यांनाही सुचले नसते. या व्यवस्थेला कागद नाही, शिक्का नाही. हमी आहे ती शेजारधर्माची, आणि 'उतांग ना लोओब' या कल्पनेची. शब्दशः अर्थ, अंतःकरणावरचे ऋण. उपकाराचे असे ऋण की जे पैशाने फिटत नाही आणि विसरलेही जात नाही.

परंतु घराच्या उंबऱ्याबाहेर निराळे जग होते. भातशेतीच्या मुलखात कुळाने अडचणीच्या दिवसांत जमीनदाराकडून भात उचलावयाचे आणि सुगीला परत करावयाचे. दोन मापे घेऊन तीन द्यावयाची त्या कराराला 'तालिंदुवा' म्हणत, आणि एकाचे दोन द्यावयाचे त्याला 'ताकिपान'. पाच-सहाचा धंदा हिंदी सावकारांनी तेथे नेला असे मानणाऱ्यांनी हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. पंजाब्यांच्या मानाने शेकडा वीस हा दर त्या देशाला नवा नव्हता. उलट तो काहीसा उतरलेलाच होता.

आता संस्थांकडे वळू. स्पेनची सत्ता फिलिपीन्समध्ये १५६५ पासून १८९८ पर्यंत, म्हणजे तीनशे तेहतीस वर्षे, टिकली. या काळात मनिलात भांडवल नव्हते असे नाही. १५९४ मध्ये तेथे 'मिसेरिकोर्दिया' नावाचा धर्मादाय बंधुसंघ स्थापन झाला. गोव्यातील वाचकांना हे नाव परके वाटणार नाही; पोर्तुगीजांनी गोव्यात स्थापिलेली 'मिझेरिकॉर्दिया' याच कुळातली. श्रीमंत विधवा, व्यापारी, अधिकारी आपल्या मृत्युपत्राने अशा संघाकडे रकमा ठेवीत. त्यांच्या उत्पन्नातून अनाथ मुलींना हुंडा, रुग्णांना औषध, मृतांसाठी प्रार्थना असा खर्च व्हावयाचा. या निधींना 'ओब्रास पियास', म्हणजे पुण्यकर्मे, म्हणत. तथापि उत्पन्न यावयाचे कोठून? तर ही रक्कम मनिलाहून मेक्सिकोतील आकापुल्कोला जाणाऱ्या गलबतांच्या व्यापारात व्याजाने गुंतविली जाई. गलबत सुखरूप पोहोचले तर व्याज भरमसाट. बुडाले तर मुद्दलही समुद्रात. अनाथ मुलीचा हुंडा चिनी रेशमावर स्वार होऊन पॅसिफिक महासागर ओलांडीत होता! हा व्यापार १८१५ मध्ये बंद पडला. पुढे याच निधींच्या पैशातून १८५१ मध्ये तेथील पहिली बँक उभी राहिली. आज ती 'बँक ऑफ द फिलिपीन आयलंड्स' या नावाने चालू आहे. पण या सर्व व्यवहारात भात पेरणाऱ्या कुटुंबाला कोठे जागा नव्हती. बँक व्यापाऱ्यांची होती, आणि पुण्य दात्यांचे होते.

सामान्य माणसासाठी म्हणून जी पहिली बचत-बँक निघाली तिची कथा तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. ३ जून १८६३ रोजी मनिलात मोठा भूकंप झाला. स्पेनच्या साम्राज्यातील लोकांनी वर्गणी करून सुमारे ४,००,००० डॉलर गोळा केले आणि ते फिलिपीन्सच्या खजिन्यात आले. वाटपासाठी मंडळ नेमले गेले. २२ सप्टेंबर १८६६ रोजी, म्हणजे भूकंपाला तीन वर्षे उलटून गेल्यावर, मंडळाने ३,६५,७०३ डॉलर ५० सेंट इतक्या रकमेची वाटणीही ठरविली. परंतु त्यानंतर आपद्ग्रस्तांच्या हाती प्रत्यक्ष पडले अवघे ३०,२९९ डॉलर ६५ सेंट. सेंटापर्यंतचा हिशेब चोख आहे. फक्त पैसा पोहोचला नाही. बाकी रक्कम खजिन्यात पडून राहिली.

पुढे १८८२ मध्ये मनिलात 'मोन्ते दे पिएदाद' नावाची संस्था उघडली. गरिबांचे दागिने गहाण ठेवून त्यांना माफक व्याजाने कर्ज द्यावे आणि त्यांच्या बचती स्वीकाराव्यात, हा तिचा हेतू. आणि तो निःसंशय चांगला होता. पण तिच्यापाशी भांडवल पुरेसे नव्हते. तेव्हा १८८३ मध्ये तिने सरकारकडे मागणी केली, आणि सरकारने भूकंपनिधीतून ८०,००० डॉलर, वीस-वीस हजारांच्या चार हप्त्यांत, तिला दिले. ज्यांची घरे पडली त्यांचा पैसा वीस वर्षांनी एका पेढीचे भांडवल झाला. सत्ता बदलल्यावर अमेरिकन अमदानीतील फिलिपीन सरकारने १९१२ मध्ये या रकमेसाठी दावा लावला. पेढीचा बचाव असा की, पैसे देणगी म्हणून मिळाले होते, आणि काही असले तरी मुदत केव्हाच टळून गेली आहे. १९१६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव अमान्य करून ८०,००० डॉलर परत करावयास लावले. ज्यांना स्वतःच्या हिताचे रक्षण करता येत नाही अशांच्या वतीने राज्याने पालक म्हणून उभे राहावे, हे तत्त्व सांगताना तेथील कायद्याचे विद्यार्थी आजही या निकालाचा दाखला देतात. निकाल योग्यच होता. परंतु भूकंप आणि निकाल यांत त्रेपन्न वर्षे गेली होती.

पेढ्या शहरात, खेड्यात होता 'पाक्तो दे रेत्रो'. हा एक प्रकारचा मुदतखरेदीचा करार. शेतकऱ्याने रोख रकमेसाठी जमीन विकावयाची आणि ठराविक मुदतीत तितकीच रक्कम भरून ती परत घेण्याचा हक्क राखावयाचा. मुदत टळली की जमीन कायमची गेली. मधल्या काळात बहुधा तोच शेतकरी तीच जमीन कूळ म्हणून कसत असे. एकोणिसाव्या शतकात ऊस, ताग आणि तांदूळ यांना परदेशी बाजार मिळाला, जमिनीला भाव आला, आणि या कराराच्या द्वारे कितीतरी लहान खातेदारांच्या जमिनी धनिकांकडे, विशेषतः चिनी-फिलिपिनो मिश्र वंशाच्या व्यापारी घराण्यांकडे, गेल्या. कराराची भाषा स्पॅनिश. सही करणाऱ्याचा अंगठा तागालोग. येथे मात्र अज्ञानाने घात केला हे मान्य केले पाहिजे. परंतु ते अज्ञान जोपासलेले होते, हेही तितकेच खरे.

त्या देशाचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल याला या गोष्टीची जाणीव होती. त्याचे स्वतःचे घराणे कालाम्बा येथे डोमिनिकन धर्मसंघाच्या जमिनी खंडाने कसणारे. खंडाच्या तंट्यात १८९० च्या सुमारास त्याच्या आप्तांना घरादारावरून हुसकून लावण्यात आले. फिलिपिनो माणूस आळशी आहे, त्याला उद्याची पर्वा नाही, असे स्पॅनिश लेखक म्हणत. रिझालने त्याच साली एक प्रदीर्घ निबंध लिहून त्यांना उत्तर दिले : कष्टाचे फळ हाती राहण्याची शाश्वती नसेल तेथे कष्ट करण्याची हौस कोठून यावी? पुढे १८९२ मध्ये तो मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपारीत असताना एक विलक्षण गोष्ट घडली. त्याने इतर दोघांच्या भागीत घेतलेल्या सोडतीच्या तिकिटाला २०,००० पेसोंचे बक्षीस लागले आणि ६,२०० पेसो त्याच्या वाट्यास आले. त्यातले २,००० त्याने वडिलांना दिले, २०० हाँगकाँगमधील एका स्नेह्याला पाठविले, आणि उरलेल्या पैशातून मुख्यतः दापितानजवळ तालिसाय येथे जमीन घेऊन तीवर घर, शाळा, दवाखाना आणि बाग उभी केली. १८९५ मध्ये त्याने तेथील शेतकऱ्यांची एक संस्थाही काढली, आपला माल व्यापाऱ्याच्या मध्यस्थीवाचून विकता यावा म्हणून. सोडतीचा नाद हे काही अनुकरणीय उदाहरण नव्हे. पण अवचित हाती आलेल्या पैशाची याहून बरी विल्हेवाट एखाद्या अर्थतज्ज्ञालाही सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी, १८९६ च्या ३० डिसेंबरला, त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले.

अमेरिकन राज्यात १९०६ हे साल दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पोस्टाची बचत-बँक स्थापन झाली. टपाल कचेरीत चार पैसे ठेवावे आणि त्यामागे सरकार उभे असावे, अशी सोय सामान्य कुटुंबाला प्रथमच मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंधरा फिलिपिनो मजूर 'डोरिक' नावाच्या बोटीतून होनोलुलूला उतरले. हवाईतील उसाच्या मळेवाल्यांनी मागविलेल्या मजुरांची ही पहिली तुकडी. 'सकादा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मजुरांची संख्या पुढील चाळीस वर्षांत लाखावर गेली. ते मनीऑर्डरी पाठवीत. परत आले की गावात त्यांना 'हवायानो' म्हणत, आणि त्यांच्या घराकडे बोट दाखवीत. बचतीचे घर आणि कमाईची वाट, दोन्ही एका वर्षी निघाली; मात्र पुढील सबंध शतकात त्यांची गाठ नीट कधी पडली नाही.

मधल्या कालखंडावर मी फार वेळ घालवीत नाही. १९१५ मध्ये ग्रामीण पतसंस्थांचा कायदा झाला. संस्था पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ मोडल्या, कारण कर्जे ओळखीपाळखीवर दिली गेली आणि वसुलीच्या वेळी तीच ओळख आडवी आली. १९३८ मध्ये बिगान येथे एका अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने गावकऱ्यांची पतपेढी निघाली, ती मात्र पुढील पतपेढ्यांना नमुना ठरली. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात छापलेल्या नोटांची किंमत इतकी घसरली की लोक बाजाराला जाताना टोपलीत नोटा आणि परतताना खिशात सामान नेत, अशी थट्टा होई. ज्यांनी रोख जपली होती ते बुडाले, ज्यांनी भात आणि सोने जपले ते तरले. त्या पिढीने हा धडा नातवंडांपर्यंत पोहोचविला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये ग्रामीण बँकांचा कायदा झाला, १९५७ मध्ये खासगी नोकरदारांसाठी सामाजिक विमा सुरू झाला, १९६३ मध्ये ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. हे सारे उत्तमच. परंतु पगारी नोकरीत नसलेली भाजीवाली, कोळी, कूळ, मोलकरीण या चौकटीच्या बहुतांशी बाहेरच राहिली.

आणि मग १९७४ साल उजाडले. फेर्दिनांद मार्कोस यांच्या राजवटीने त्या वर्षी नवा कामगार कायदा जारी करून परदेशी नोकऱ्यांसाठी सरकारी यंत्रणा उभारली. तेलाच्या किमती वाढून अरबस्तानात बांधकामांचा सुकाळ झाला होता. प्रथम गवंडी, वायरमन, ड्रायव्हर गेले; मागाहून परिचारिका आणि घरकामाच्या स्त्रिया गेल्या. गोव्याच्या तारवटींना शेजारच्या बिछान्यात फिलिपिनो खलाशी भेटू लागला तो याच सुमारास. आखातातून आलेल्या पैशातून कोणी जीपनी घेतली की तिच्या दर्शनी भागावर रंगवीत : 'कातास नांग सावदी', म्हणजे सौदीचा रस. रस कोणाचा पिळला गेला हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे.

सरकारला परकीय चलनाची निकड होती. १९८२ च्या डिसेंबरात हुकूम निघाला की, परदेशी गेलेल्या प्रत्येक कामगाराने आपल्या कमाईचा ठराविक हिस्सा बँकांमार्फत मायदेशी पाठविलाच पाहिजे : खलाशाने शेकडा ८०, बांधकामावरील मजुराने ७०, घरकामाच्या बाईने ५०. न पाठविल्यास पारपत्राचे नूतनीकरण बंद. वरवर पाहता ही सक्तीची बचतच, कुटुंबाच्या भल्याची. परंतु आता नाण्याचा भाव पाहा. १९८३ च्या आरंभी एका डॉलरला नऊच्या आसपास पेसो मिळत. १९८४ च्या मध्याला अठरा लागू लागले, आणि त्या वर्षी महागाई शेकडा पन्नासच्या घरात गेली. ज्या बाईने हुकूम मानून आपले डॉलर आधीच पेसोत बदलून ठेवले, तिची शिल्लक परकीय चलनाच्या हिशेबाने दीड वर्षात निम्मी झाली.

हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांनी हा हिशेब कोणत्याही सप्ताहावाचून मांडला. बँकेचा दर आणि बाजाराचा दर यांतील अंतर, बँकेची हशील, पैसे पोहोचण्यास लागणारा वेळ, हे सारे त्यांना रविवारच्या सुटीत एकमेकींशी बोलून ठाऊक झाले होते. त्यांनी सक्तीच्या पैसे-पाठवणीविरुद्ध संघटना उभारली आणि १९८५ मध्ये त्या हुकुमातील शिक्षा मागे घेण्यास सरकारला भाग पाडले. संघटना पुढेही टिकली आणि हाँगकाँगमधील फिलिपिनोंचे मोठे व्यासपीठ बनली. पैशाच्या साक्षरतेच्या इतिहासात या बायकांचे नाव पहिल्या पानावर घ्यावयास हवे, असे माझे मत आहे.

परदेशातून आलेला हा पैसा कशावर खर्च झाला? घरावर, औषधावर, आणि सर्वांत आधी मुलांच्या शिक्षणावर. फिलिपिनो कुटुंबाची खरी दीर्घ मुदतीची योजना म्हणजे शिकलेले मूल. थोरली मुलगी परिचारिका झाली की ती धाकट्यांना शिकविते, धाकटे म्हाताऱ्यांना सांभाळतात. अर्थसल्लागार या व्यवस्थेला नाके मुरडतात, कारण साऱ्या घराचा भार एका मिळवत्या जिवावर पडतो. आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. परंतु ज्या देशात तीन शतके विश्वासाची पेढी नव्हती, तेथे माणसाने माणसातच पैसा गुंतवावा यात नवल ते काय?

नेमक्या याच आकांक्षेवर १९८० नंतर एक मोठा व्यवसाय उभा राहिला, आणि त्याची हकिकत या सर्व इतिहासातली सर्वांत क्लेशदायक आहे. मूल लहान असताना पालकांनी पाच-सात वर्षे हप्ते भरावेत. मूल महाविद्यालयात जाईल तेव्हा फी कितीही वाढलेली असो, ती कंपनीने भरावी. अशा 'शैक्षणिक योजना' विकणाऱ्या कंपन्यांत कॉलेज अॅश्युरन्स प्लॅन ही अग्रगण्य होती. घेणारे लोक अडाणी नव्हते. शिक्षक, परिचारिका, कारकून, खलाशी यांनीच त्या घेतल्या. वित्तसाक्षरतेचे पुस्तक जे जे सांगते ते ते त्यांनी केले होते : लवकर आरंभ केला, हप्ता चुकविला नाही, उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवले.

खोट होती वचनात. 'फी कितीही वाढो' या तीन शब्दांचे ओझे कोणी तोलून पाहिले नव्हते. समजा, कंपनीचा निधी वर्षाला शेकडा आठने वाढतो. तर तो दुप्पट व्हावयास नऊ वर्षे लागतात. फी शेकडा पंधराने वाढली तर ती पाचच वर्षांत दुप्पट होते. मूल पाच वर्षांचे असताना केलेला करार ते सतरा-अठरा वर्षांचे झाल्यावर कोणत्या अवस्थेत असेल, हे सांगावयास विमागणिती लागत नाही. १९९० नंतरच्या काळात खासगी महाविद्यालयांच्या फीवरील सरकारी नियंत्रण सैल झाले आणि फी भराभर चढली. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाने गुंतवणुकींना फटका बसला. २००४ मध्ये कॉलेज अॅश्युरन्स प्लॅनला नव्या योजना विकण्याचा परवाना मिळाला नाही, २००५ मध्ये ती कंपनी पुनर्वसनासाठी न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षी पॅसिफिक प्लॅन्स या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही तोच मार्ग धरला. हाती करारपत्र घेतलेले पालक महाविद्यालयांच्या खिडकीपाशी उभे राहिले आणि तेथे त्यांना रोख फी मागण्यात आली. कित्येकांनी तेव्हा काय केले असेल? फी तर भरावयाचीच होती. जमीन गहाण पडली, नातलगांपुढे हात पसरले गेले, आणि पाच-सहावाल्याची वही पुन्हा उघडली. या धंद्यावर कडक देखरेख ठेवणारा कायदा २००९ च्या डिसेंबरात झाला.

श्रोतेहो, याच्या शेजारी दुसरी एक हकिकत ठेवून पाहावी. लागुना प्रांतातील सान पाब्लो या गावी १९८६ मध्ये भूमिहीन स्त्रियांसाठी एक संस्था निघाली. कार्ड हे तिचे नाव. तारण नसलेल्या बायकांना लहान कर्जे द्यावयाची, आठवड्याच्या बैठकीत सर्वांसमक्ष हप्ता घ्यावयाचा, आणि बचत सक्तीने करावयास लावावयाची, ही तिची पद्धत. या संस्थेने सभासदांसाठी एक साह्यनिधी काढला. आठवड्याला अगदी किरकोळ वर्गणी, आणि तिच्या मोबदल्यात मृत्यूनंतरच्या साह्याबरोबर निवृत्तिवेतनाचेही वचन. वचन वर्गणीच्या मानाने फार उदार होते; शैक्षणिक योजनांचीच ही लहान प्रत. पण येथे चालकांनी वेळीच तज्ज्ञांकडून हिशेब तपासून घेतला, निधी एक दिवस साऱ्या संस्थेला बुडवील हे ओळखले, वचन आटोपते घेतले, आणि १९९९ मध्ये सभासदांच्याच मालकीची स्वतंत्र परस्परसाह्य संस्था करून निधी तिच्याकडे सोपविला. ती आजही चालू आहे. वर्गणी भरणाऱ्या बायका दोन्हीकडे सारख्याच प्रामाणिक होत्या. फरक पडला तो आकडेमोड करणाऱ्याने स्वतःच्या वचनाकडे पुन्हा एकदा पाहिले की नाही, एवढाच.

म्हणून साक्षरता सप्ताहाच्या व्याख्यानांत काटकसरीचे पाठ जरा कमी आणि वचन पारखण्याचे पाठ जरा अधिक असावेत, असे वाटते. त्याची गरज वारंवार दिसून येते. २००८ च्या डिसेंबरात भरमसाट व्याजाचे आमिष दाखविणाऱ्या लेगसी या एकाच गटाच्या डझनभर ग्रामीण बँका बंद पडल्या. २०१९ मध्ये मिंदानाओत 'कापा' नावाची, धर्मसंस्था म्हणविणारी एक संघटना बंद करण्यात आली. 'देणगी'वर जन्मभर महिन्याला शेकडा तीस 'आशीर्वाद' देण्याचे तिचे वचन होते. महिना शेकडा तीस! ताकिपानवाल्या जमीनदारानेही इतका लोभ दाखविला नसता. फरक इतकाच की येथे लोभ घेणाऱ्याच्या मनात पेरला जात होता.

पोस्टाच्या बँकेचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. १९७६ मध्ये ती बंद झाली, १९९४ मध्ये पुन्हा उघडली, आणि २०१८ पासून ती 'ओव्हरसीज फिलिपिनो बँक' या नव्या नावाने परदेशी गेलेल्यांची बँक म्हणून काम पाहू लागली. १९०६ मध्ये जी दोन सूत्रे एकाच वर्षी निघाली ती एकत्र यावयास एकशे बारा वर्षे लागली. परदेशी गेलेल्या फिलिपिनोंनी २०२४ मध्ये बँकांमार्फत सुमारे साडेचौतीस अब्ज डॉलर घरी पाठविले. घरी ज्यांचे कोणत्याही वित्तसंस्थेत खाते आहे अशा प्रौढांचे प्रमाण २०१९ मध्ये शेकडा २९ होते, ते मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत २०२१ मध्ये ५६ झाले. महामारीच्या काळात भ्रमणध्वनीवरील पैशाच्या पाकिटांनी ही उडी घडविली.

अर्थात फोनबरोबर सावकारही फोनमध्ये शिरला. कर्ज काही मिनिटांत मिळे. परत करण्यास उशीर झाला की कर्जदाराच्या फोनमधील सगळ्या ओळखीच्या नंबरांवर त्याच्या बदनामीचे निरोप जात. मोटारसायकलवरचा बुंबाय निदान गाळ्यापाशी येऊन हलक्या आवाजात मागत असे. २०१९ मध्ये या छळाला नियमांनी मनाई झाली. त्यानंतर २०२२ च्या जानेवारीपासून १०,००० पेसोंपर्यंतच्या, अल्प मुदतीच्या, बिनतारणी कर्जांसाठी आणखी एक मर्यादा घालण्यात आली : व्याज, आकार, दंड हे सारे मिळून कितीही काळ लोटला तरी घेतलेल्या मुद्दलाहून अधिक होता कामा नये. हा नियम मनिलातील अधिकाऱ्यांनी आपल्याकडे पाहून केला असे मी म्हणत नाही. परंतु थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम ज्या जुन्या इलाख्यातील न्यायालये पाळीत आली, त्या इलाख्याचे नाव मुंबई असेच होते.